बादलीला लावलेलं विशेषण

मला गाढव म्हणा, हेकट म्हणा, भांडखोर म्हणा. वीजबिलांच्या तक्रार-खिडकीमागे माझी उमर गेली आहे. यातलं काहीही ऐकलं तरी माझ्या हातातल्या कपातला चहा हलत नाही. फक्त मला 'नाइस' म्हणू नका, असं मी मध्यंतरी गावभर सांगत सुटलो होतो. आता म्हणा. आता चालेल. पण मधल्या काळात त्या चार अक्षरी इंग्रजी शब्दानं आमची इमारत, माझी नोकरी आणि मुलीचं लग्न या तिन्ही गोष्टी एकाच वेळी काठावर आणून ठेवल्या होत्या, आणि त्यात माझी चूक फारच थोडी होती. बायको म्हणते सगळी होती. तिचं मत मी इथे नोंदवून पुढे जातो.

सुरुवात खजिनदारांच्या घरी झाली. आमच्या इमारतीचा खजिनदार हा पहिल्या मजल्यावर राहणारा आणि पहिल्या मजल्यावर लिफ्टनं जाणारा माणूस आहे. त्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यानं सगळ्यांना बोलावलं, आणि खाणं यायला उशीर होतोय हे लक्षात आल्यावर त्याच्या बायकोनं एक खेळ काढला. बायकांनी आपापल्या नवऱ्याचं एका शब्दात वर्णन करायचं. शब्द इंग्रजीच हवा, म्हणे. आपल्या भाषेत नवऱ्यांबद्दल जे शब्द आहेत ते पाहुण्यांसमोर काढता येत नाहीत, असं काहीतरी असावं.

खजिनदारीणबाईंनी स्वतःच सुरुवात केली. "आमचे हे? डायनॅमिक!"

हा डायनॅमिक माणूस तेव्हा सोफ्यात इतका खोल रुतला होता की त्याला टाळ्या वाजवायला हात वर काढता येईनात. समोरच्या बाईंनी आपल्या नवऱ्याला 'जीनियस' म्हटलं. हा जीनियस गेली कित्येक वर्षं आपल्या दुचाकीऐवजी माझ्या दुचाकीला किल्ली लावून बघतो. तिसरी म्हणाली 'रोमँटिक', आणि तिचा नवरा इतका दचकला की सगळ्यांनाच शंका आली.

मग माझ्या बायकोची पाळी. तिनं तोंडातलं खारं बिस्कीट सावकाश संपवलं. माझ्याकडे पाहिलं. चांगला वेळ घेऊन, भाजीवाल्याकडे दुधी पाहतात तसं पाहिलं. आणि म्हणाली, "नाइस."

टाळ्या पडल्या. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेल्या पोराला पडतात, तशा.

तुम्ही म्हणाल, यात अपमान कसला? मीही तेच म्हटलं असतं, पण मला सकाळची गोष्ट आठवली. त्याच दिवशी सकाळी, न्हाणीघराच्या दारात उभी राहून, नव्या निळ्या बादलीकडे बघत, माझ्या बायकोनं हाच शब्द याच आवाजात उच्चारला होता. 

घरी येताना जिन्यातच मी विषय काढला.

"अगं, नाइस म्हणजे काय?"

"नाइस म्हणजे नाइस."

"सकाळी बादलीला पण तू नाइस म्हणालीस."

"मग? चांगलीच आहे बादली."

"म्हणजे बादली आणि मी एका रांगेत?"

"छे हो," ती किल्ली शोधत म्हणाली. "बादलीला कडी आहे. उचलता येते."

इथे मला माझ्या बायकोबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ही बाई वस्तू परत करते. घेते, घरी आणते, आठवडाभर न्याहाळते आणि परत करते. ती निळी बादली तिसरी. पहिलीचा तळ डगमगत होता, दुसरीचा रंग 'डोळ्यांत खुपत होता'. आमच्या बाजारपेठेतले दुकानदार तिला लांबून ओळखतात. एकानं तर ती येताना पाहून दुकानाला आतून कडी घातली होती. ती बाहेर पायरीवर बसून राहिली, शेवटी त्याला जेवायला घरी जायचं होतं म्हणून तो शरण आला. जोवर मनाची खात्री होत नाही तोवर ती कुठल्याही वस्तूचं लेबल काढत नाही. त्यामुळे आमचं घर हे घर कमी आणि दुकान जास्त वाटतं. उशीचं लेबल माझ्या कानात टोचतं. त्या दिवसांत आमच्या दिवाणखान्यात नवे पडदे लटकत होते आणि त्यांच्या कडेला लेबलं लोंबत होती. कसे आहेत विचारलं की ती म्हणायची, "बघू."

आणि 'बघू' ती आणखी एका बाबतीत म्हणत होती. आमच्या मुलीनं एक मुलगा पसंत केला होता. पोरगा एकदा घरी येऊन गेला, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे, सरळ बोलतो, मला आवडला. मी तसं तिथल्या तिथे सांगून टाकलं. पण आमच्या घरात माझ्या पसंतीला मतदानाचा हक्क नाही. मुलगी आईच्या तोंडाकडे बघत होती आणि आई म्हणत होती, "बघू." येत्या रविवारी मुलाचे आईवडील आमच्याकडे पहिल्यांदा यायचे होते. मुलीची झोप उडाली होती. पोरीचं सगळं सुख त्या रविवारवर टांगलेलं, आणि तिचा बाप एका बादलीशी स्पर्धा करत बसलेला. होतो मी तसा. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी जाहीर केलं की या शब्दाचं मूळ मी शोधून काढणार.

मुलीनं खिशातून फोन काढला. "एवढंच ना? थांबा बाबा, आत्ता सांगते."

"ठेव तो फोन! त्यात कोणीही काहीही लिहितं. मला छापील हवं. जाड पुठ्ठ्याचं."

"बाबा, हे बघा, इथे आलंय पण. आधी लॅटिनमधून..."

"ऐकायचं नाही मला!" मी कानात बोटं घातली. लेबलवाल्या उशीमुळे एका कानात आधीच दुखत होतं.

सातवीत माझी शाळा सुटली. पुढचं जे काही शिकलो ते छापील कागदाशी कुस्ती खेळून शिकलो. ज्या गोष्टीसाठी घाम गाळला नाही ती गोष्ट खरी असते यावर माझा विश्वास नाही. तर मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून वाचनालयात गेलो.

सार्वजनिक वाचनालय म्हणजे सार्वजनिक सोडून कशाचंही असू शकतं. टेबलामागच्या गृहस्थांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोठा शब्दकोश? कशाला हवाय?"

"शब्द बघायला."

"कुठला?"

"नाइस."

त्यांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. "तो तर सगळ्यांना माहितीये."

"मलाही तसंच वाटत होतं."

मोठा शब्दकोश संदर्भ विभागात. संदर्भ विभागात जायला सभासदत्व पाहिजे. मी सभासद होतो, पण 'फिरत्या विभागा'चा. म्हणजे पुस्तकं फिरतात, सभासद नाही. बसून वाचायचं तर वेगळा अर्ज, आणि अर्जावर एका प्रतिष्ठित नागरिकाची सही. मी म्हटलं, मी स्वतः प्रतिष्ठित नागरिक आहे. ते म्हणाले, तसं तुम्हाला स्वतःला म्हणता येत नाही, तसं दुसऱ्यानं म्हणावं लागतं. झालं! पुन्हा तोच प्रश्न. माझं वर्णन दुसऱ्यानं करायचं. मी खजिनदाराकडे गेलो. त्यानं सही केली, पण 'अर्जदाराविषयी अभिप्राय' या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, 'नाइस मॅन'.

तो अर्ज फाडायला माझे हात शिवशिवत होते. पण सही मिळाली होती. माणसाला कधी कधी शत्रूच्या होडीतूनच पलीकडे जावं लागतं.

संदर्भ विभागात कोशाचे सगळे खंड कपाटात दिमाखात उभे होते. फक्त माझ्या अक्षराचा नव्हता. सगळीकडे शोधाशोध केली. शेवटी तो सापडला. संगणकाच्या पडद्याखाली. पडदा डोळ्यांच्या उंचीवर यावा म्हणून तो जाडजूड खंड कोणीतरी खाली घातला होता, आणि त्याच्यावर चहाच्या कपाची कितीतरी वर्तुळं उमटली होती.

"काढा तो," मी सोबत आलेल्या त्या टेबलामागच्या गृहस्थांना म्हटलं.

"काढता येणार नाही. संगणकाला हात लावायचा तर संगणक विभागाची परवानगी लागते."

"मी संगणक मागत नाही. खालचं पुस्तक मागतोय."

"पुस्तक काढलं की संगणक हलणार."

मी तक्रार-खिडकीत आयुष्य काढलंय. ही भाषा माझी मातृभाषा आहे; फक्त ती आजवर मी बोलत होतो आणि दुसरे ऐकत होते. काचेच्या पलीकडे उभं राहिल्यावर कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. मी शांतपणे टेबलाशी गेलो, दोन्ही हातांनी पडदा उचलून छातीशी धरला आणि म्हटलं, "तुम्ही पुस्तक ओढा. मी संगणक हलू देत नाही."

तर अशा अवस्थेत, लहान मूल कडेवर घ्यावं तसा तो पडदा धरून, उभ्या उभ्या, ते गृहस्थ पानं उलटत असताना, मी तो शब्द वाचला. हात भरून येत होते. पण पहिल्याच ओळीला माझे डोळे विस्फारले. लॅटिन भाषेत 'न जाणणारा'. तिथून तो फ्रेंचांकडे गेला तेव्हा 'बावळट'. आणि इंग्रजांनी उचलला तेव्हा त्याचा पहिला अर्थ: मूर्ख.

"पुढे उलटू?" गृहस्थांनी विचारलं.

"काही गरज नाही," मी म्हणालो. "झालं माझं काम."

तुम्हाला वाटेल मी दुःखी झालो असेन. अजिबात नाही! मला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. अपमान झालाय असं नुसतं वाटणं वेगळं आणि अपमानाला छापील पुरावा मिळणं वेगळं. मी शीळ घालत घरी आलो.

"कळलं का," मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, "तू मला चारचौघांत मूर्ख म्हणालीस."

"मी कुठे म्हणाले?" बायको भांडी पुसत होती. "मी मनात म्हणते ते."

मुलगी आतून ओरडली, "बाबा, पुढे वाचलंत का? पुढेपण आहे..."

"पुढचं पुढे!"

आता असं ज्ञान एकट्यानं पोटात ठेवणं मला जमत नाही. मी ते इमारतीच्या ग्रुपवर टाकलं. जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. कार्यालयात आमच्या साहेबांनी एका फायलीवर मान हलवून "नाइस" म्हटलं, तेव्हा मी विचारलं, "कुठल्या शतकातला?" साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मला न मागता दोन दिवसांची रजा दिली आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं हळू आवाजात विचारलं.

इमारतीत मात्र बघता बघता वणवा पेटला. खजिनदारीणबाईंच्या नव्या चपलांना कोणीतरी नाइस म्हटलं होतं. त्यांनी त्या बाईंशी बोलणं टाकलं. वरच्या मजल्यावरचे आजोबा, ज्यांना दिवसभर काही काम नसतं, ते जिन्यात खुर्ची टाकून बसायला लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागले, "तुम्हाला आजवर कोणी कोणी नाइस म्हटलंय? आठवा, आठवा." लोक आठवायचे आणि तांबडेलाल होऊन घरी जायचे. जीनियसनं मला लिफ्टमध्ये गाठून सांगितलं, "तुम्ही फार मोठं काम केलंत. आमच्या साडूनं मला गेल्याच आठवड्यात नाइस म्हटलं होतं. आता बघतो." मीही मान हलवली. समाजसुधारकांना कसं वाटत असेल याची थोडी कल्पना आली.

शनिवारी मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. डोळे सुजलेले.

"बाबा, उद्या ती माणसं येणार आहेत."

"येऊ देत की."

"त्याची आई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्या प्रत्येक वाक्यात तो शब्द म्हणतात."

"कुठला?"

"तोच! बाबा, माझी शपथ आहे. उद्या त्याचा अर्थ, मूळ, खोड, फांद्या, काही काढायचं नाही. आई अजून 'बघू'वरच आहे. त्यात तुम्ही काही बोललात तर संपलं सगळं."

मी शपथ घेतली. मनापासून घेतली.

रविवारी सकाळी काय घडलं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगतो. आमच्या जिन्याच्या कठड्यांना हिरवा तैलरंग लावायचं काम चालू होतं. खजिनदार लिफ्टकडे येता-जाता रंगाऱ्याला "नाइस, नाइस" म्हणायचा. रविवारी सकाळी आजोबांनी खुर्चीतून त्या रंगाऱ्याला शब्दाचं मूळ समजावून सांगितलं. रंगाऱ्यानं ब्रश डब्यात बुडवला आणि काम अर्धवट टाकून निघून गेला. जाताना 'रंग ओला आहे' ही पाटीही घेऊन गेला. पाटी त्याची स्वतःची होती.

आणि लिफ्ट आदल्या दिवसापासून बंद होती.

तेव्हा पाहुणे आमच्या दारात उभे राहिले ते हिरवे. मुलाच्या आईची उजवी बाही कोपरापर्यंत हिरवी, वडिलांचा तळहात हिरवा, मुलाचे दोन्ही हात हिरवे, कारण त्यानं आईला सावरलं होतं. बायकोनं धावत जाऊन रॉकेल आणि चिंध्या आणल्या. मुलीचा चेहरा असा झाला होता की तो हिरवा नव्हता एवढंच.

पण मुख्याध्यापिकाबाई मोठ्या मनाच्या निघाल्या. "काही नाही हो, होतं असं. नाइस कलर आहे," त्या म्हणाल्या.

मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"घर किती नाइस ठेवलंय. उजेड नाइस येतो. आणि मुलगी तर काय, फारच नाइस आहे."

मी छताकडे पाहिलं. पंख्याची पाती मोजली. मुलगी डोळ्यांनी माझे आभार मानत होती. मुलाचे वडील कमी बोलणारे होते. नोकरीत असताना दुकानांतले तराजू आणि वजनं तपासायचे. ते माझ्याकडे, खोट्या वजनाकडे बघावं तसं बघत होते.

चहा आला. सगळं सुरळीत चाललं होतं. मी स्वतःवर खूश होतो. आणि दार धाडकन उघडलं.

दारात खजिनदार. त्याच्या हातात रंगाऱ्याचं मनगट. मागे आजोबा, खुर्चीसकट.

"सांगा याला!" खजिनदार ओरडला. "तुम्हीच पसरवलंत, तुम्हीच निस्तरा! अर्धा जिना हिरवा, अर्धा राखाडी! म्हणतो, तुम्ही मला शिव्या देता!"

रंगारी मला म्हणाला, "साहेब, हे मला येता-जाता मूर्ख म्हणत होते. हसून हसून म्हणत होते. आणि मी थँक्यू म्हणत होतो."

"कोण म्हणालं मूर्ख?" मुख्याध्यापिकाबाईंनी कप खाली ठेवला. तो आवाज वर्गात चालणारा होता. खजिनदारानं रंगाऱ्याचं मनगट सोडलं.

"नाइस म्हणजे मूर्ख," आजोबा आनंदानं म्हणाले. "यांनी शोधून काढलंय. लॅटिनमधून."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलीनं डोळे मिटले. मला खोटं बोलता आलं असतं. आजोबांचं वय झालंय, असं म्हणता आलं असतं. पण मला प्रश्न विचारला की उत्तर देण्याचा रोग आहे. मी तक्रार-खिडकीतसुद्धा लोकांना खरं सांगतो, म्हणून तर मला बढती मिळाली नाही.

"मूळ अर्थ तोच आहे," मी म्हणालो. "न जाणणारा. बावळट. मूर्ख. छापील आहे."

मुख्याध्यापिकाबाईंच्या हिरव्या बाहीतून रॉकेलचा वास येत होता.

"मी," त्या सावकाश म्हणाल्या, "जन्मभर मुलांच्या वह्यांवर हा शब्द लिहिला. लाल शाईनं. ज्यांनी चांगलं लिहिलं त्यांच्याच वहीवर लिहिला. म्हणजे मी हुशार मुलांना वेचून वेचून मूर्ख लिहून दिलं?"

"निम्म्यांच्या बाबतीत बरोबरच होतं," त्यांचे यजमान म्हणाले. त्या दुपारचं त्यांचं ते पहिलंच वाक्य.

"तुम्ही गप्प बसा!" बाई उठल्या. पर्स उचलली. "चल रे. ज्या घरात पाहुण्यांना बोलावून मूर्ख ठरवतात..."

मुलगी भिंतीला टेकली. पोरीचा संसार उभा राहायच्या आत मी त्याच्या पायाखालची शिडी काढली होती. आणि कशासाठी? एका बादलीसाठी.

"एक मिनिट," मुलाचे वडील जागचे हलले नव्हते. त्यांनी मला विचारलं, "किती मोठी नोंद होती कोशात?"

"बरीच. दीडेक पान."

"तुम्ही वाचली किती?"

मी घसा खाकरला. "सुरुवातीची. माझ्या हातात संगणक होता."

"म्हणजे वजन पुरतं टाकायच्या आत तराजू उचललात," ते म्हणाले.

आजवर मला कोणी इतक्या थोडक्यात उघडं पाडलेलं नाही. मी मुलीकडे पाहिलं. "तू म्हणत होतीस ना, पुढेपण आहे?"

"पहिल्या दिवसापासून म्हणतेय!" पोरगी रडत रडत ओरडली आणि फोन काढला. तिनं नाक पुसलं आणि वाचायला लागली. आधी मूर्ख, हो. मग छचोर, दिखाऊ. मग आळशी. मग लाजाळू, बुजरा. मग चिकित्सक, ज्याला सहजासहजी काही पसंत पडत नाही असा. मग नाजूक. मग काटेकोर, बारकाईचा. आणि हे सगळं पार करून शेवटी, अठराव्या शतकाच्या सुमाराला: चांगला, आवडेल असा.

"काटेकोर!" मुख्याध्यापिकाबाईंनी पर्स खाली ठेवली. "मी त्याच अर्थानं लिहायचे. मला आतून माहीतच होतं."

"मला नाजूक चालेल," रंगारी विचार करून म्हणाला. "कठड्याचं काम नाजूकच असतं."

"मग मी नाजूकच म्हणत होतो!" खजिनदारानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "आणि मी स्वतः यातला कोणता नाइस?"

"आळशी," आजोबा म्हणाले. "लिफ्ट बंद झाल्यापासून तुम्ही घरातून बाहेर पडला नव्हतात."

सगळे हसले. मुलाचे वडील तर इतके हसले की त्यांच्या बायकोनं त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि पाठ हिरवी केली. चहाचा दुसरा फेरा निघाला. रंगारी आणि खजिनदार तिथेच बसले, कारण चहा होता.

फक्त मुलगी अजून भिंतीलाच टेकून होती. तिची नजर आईवर होती. माझ्या बायकोनं या सगळ्या गदारोळात एक अक्षर काढलं नव्हतं. ती मुलाकडे बघत होती.

मुलगा एका कोपऱ्यात, पडद्यापासून चांगला हातभर लांब, स्टुलावर अवघडून बसला होता. चहाचा कप त्यानं हातरुमालात गुंडाळून धरला होता.

"असा का बसलायस रे?" बायकोनं विचारलं. "इकडे ये की सोफ्यावर. आणि कप असा का धरलायस?"

पोरगा ओशाळला. "काकू, हाताला रंग आहे. पडद्यांना लेबल दिसलं, कपाखाली पण आहे. म्हटलं, तुम्हाला परत करायचे असतील. डाग पडला तर दुकानदार घेणार नाही."

दिवाणखान्यात कोणाला काही विशेष वाटलं नाही. खजिनदार तर बिस्कीट शोधत होता. पण माझी बायको उठली. त्याच्याजवळ गेली. त्याच्या हातून कप घेतला, उलटा करून तळाचं लेबल नखानं हळूच सोलून काढलं आणि कप पुन्हा त्याच्या हिरव्या हातात दिला. मग त्याच्याकडे नीट, वेळ घेऊन पाहिलं. खजिनदारांकडे त्या दिवशी मला पाहिलं होतं, तसंच.

"नाइस," ती म्हणाली.

मुलगी हुंदका देऊन आत पळाली, आणि पाठोपाठ न्हाणीघरात बादली कलंडल्याचा मोठा आवाज झाला.

आणि तेव्हा, इतका घाम गाळून जे मला वाचनालयात सापडलं नाही, ते माझ्या डोक्यात शिरलं. या बाईच्या तोंडून मी हा शब्द किती वेळा ऐकलाय? मुख्याध्यापिकाबाई जितक्यांदा एका चहात म्हणतात, तितक्यांदा तिनं उभ्या संसारात म्हटला नसेल. शिलाई मशीनला एकदा. या घराला, भिंती महिनाभर ठोकून पाहिल्यावर, एकदा. बादलीला, ती तिसरी होती तेव्हा. चमचासुद्धा चारदा बदलून आणणारी बाई, आणि तिनं तो शब्द भरल्या घरात माझ्यासाठी काढला होता. आणि मी त्याचा अर्थ शोधायला लॅटिनमध्ये गेलो. मूर्ख! पहिला अर्थ माझ्यासाठीच राखून ठेवला होता.

पाहुणे लग्नाची बोलणी ठरवून, उतरताना कठड्याला हात न लावता, एकामागून एक रांगेत खाली गेले. संध्याकाळी बायको कात्री घेऊन पडद्यांशी उभी राहिली आणि एकेक लेबल कापू लागली. मुलगी फोनवर कुजबुजत होती. मी जवळ गेलो.

"अगं," मी म्हटलं, "आमचं लेबल कधी कापलंस ते सांगितलं नाहीस कधी."

तिनं कात्री थांबवली. मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. माझ्या कोपराला लागलेला हिरवा डाग पदराच्या टोकानं पुसून पाहिला, निघाला नाही.

"कापून खूप वर्षं झाली," ती म्हणाली. "पावती तेवढी जपून ठेवलीय."